घरी अभंगाचं मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग : टकटक, उशीर आणि हळूहळू सुटणारा ठेका

ओवीकट्टा

नमस्कार. घरच्या लॅपटॉपवर अभंगाचं वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्डिंग चालू आहे. अडचणी चार आहेत. त्या एकाच बिघाडाच्या आहेत की चार वेगवेगळ्या, तेच कळत नाहीये. आधी सामान सांगते.

लॅपटॉप विंडोज ११, रॅम १६ जीबी, एसएसडी. सॉफ्टवेअर रीपर. यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज आकड्यांत बदलून लॅपटॉपला देणारी डबी) चार इनपुटचा, पण माइक फक्त १ आणि २ मध्ये लागतात. ३ आणि ४ ही मागची लाइन इनपुट्स. गाण्याचा कंडेन्सर माइक १ मध्ये, पेटीचा २ मध्ये. तबला-डग्ग्यासाठी जागा उरत नाही, म्हणून एक यूएसबी माइक थेट लॅपटॉपला लावला आहे. सॅम्पल रेट ४८,००० (सेकंदाला आवाजाची तेवढी मोजमापं, तीच सॅम्पल), २४ बिट, बफर (एका वेळी उचलायचा सॅम्पलचा साठा) २५६.

१) मधूनच टक्, टक् असा आवाज येतो. ठरावीक जागी नाही.

२) टाळ आणि मागचा कोरस नंतर भरते. वाजवताना टाळ बरोबर समेवर पडतो, पण नंतर ऐकलं की किंचित मागे. दरवेळी तेवढाच मागे.

३) यूएसबी माइकवरचा तबला सुरुवातीला बरोबर असतो, १४ मिनिटांच्या शेवटी मात्र गाण्यापासून सुटतो. आधी एएसआयओ४ऑल या ड्रायव्हरमधून (उपकरण आणि सॉफ्टवेअर जोडणारा प्रोग्राम) दोन्ही उपकरणं एकत्र घेतली होती, तेव्हा टकटक जास्त होती. आता तबला त्याच वेळी ऑडॅसिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा घेते आणि फाइल नंतर रीपरमध्ये आणते.

४) पेटीच्या ट्रॅकवर बारीक घूं असा आवाज. चार्जर लावला की वाढतो.

बफर ६४ पासून १०२४ पर्यंत सगळे करून पाहिले. टकटक कमी-जास्त होते, पण दुसऱ्या-तिसऱ्या अडचणीत काडीचा फरक पडत नाही.

मंद्रषड्ज

शेवटचं वाक्य लिहिलंत ते फार बरं झालं, कारण अर्धं निदान तिथेच झालं. हे तीन वेगळे आजार आहेत, आणि चौथा विजेचा. टकटक म्हणजे मधले सॅम्पल हरवले. दरवेळी सारखाच उशीर म्हणजे यायला-जायला लागणारा वेळ सॉफ्टवेअरला नीट कळलेला नाही. वाढत जाणारी घसरण म्हणजे दोन उपकरणांची दोन घड्याळं. बफर हे फक्त पहिल्यावरचं औषध. लोक तिन्हींवर तेच देत बसतात आणि मग इंटरफेस विकायला काढतात.

पहिल्यापासून सुरू करू. टक् ऐकू येते तो तुकडा तीन वेळा वाजवून बघा. तीनही वेळा त्याच क्षणी टक् आली, तर ती फाइलमध्ये उतरली आहे. जागा बदलत असेल तर रेकॉर्डिंग शाबूत आहे, फक्त वाजवताना कॉम्प्युटर धापा टाकतो आहे. दुसऱ्या प्रकारात काही गमावलेलं नाही. बफर १०२४ करा आणि निवांत मिक्सिंग करा.

फाइलमध्येच असेल तर त्या जागी लाट पूर्ण मोठी करून बघा, एकेक सॅम्पल ठिपक्यासारखा दिसेपर्यंत. रेष मध्येच तुटून एकदम वर किंवा खाली उडी मारत असेल तर सॅम्पल हरवले आहेत. माथा सपाट कापल्यासारखा असेल तर तो गेन (माइकचा आवाज वाढवण्याचं प्रमाण) जास्त झाल्याचा दोष आहे, त्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही. टाळेच्या घावावर असा सपाट माथा हमखास सापडतो, आणि मीटरवरचा आकडा तेवढ्यात वाचताही येत नाही.

आणखी एक खूण. गाणं आणि पेटी एकाच इंटरफेसवर आहेत, म्हणून सॅम्पल हरवले तर दोन्हींवर एकाच क्षणी हरवतात. टक् फक्त एकाच ट्रॅकवर असेल तर केबल, माइकचा सॉकेट किंवा गेनचं बटण तपासा.

ओवीकट्टा

तपासलं. टक् तीनही वेळा त्याच जागी आहे, गाणं आणि पेटी दोन्हींवर एकाच क्षणी, आणि रेष तुटलेली दिसते. म्हणजे सॅम्पल हरवताहेत.

पांढरीचार

मग सरळ बफर ५१२ किंवा १०२४ ठेवा ना. रेकॉर्डिंग करताना स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरवरून ऐका, तो कॉम्प्युटरमधून फिरून येत नाही, त्यामुळे बफर कितीही असला तरी गाताना उशीर जाणवत नाही. बफर लहान हवा तो गाताना प्लगइनमधून (सॉफ्टवेअरमधल्या जोड-इफेक्टमधून) रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा आवाज, ऐकायचा हट्ट असेल तेव्हा, किंवा मिडी कीबोर्डवरून सॉफ्टवेअरमधलं वाद्य वाजवायचं असेल तेव्हा.

फक्त डायरेक्ट मॉनिटर चालू केलात की रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिली तर स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, कधी पत्र्याच्या डब्यात गायल्यासारखा, आणि माणूस नसता दोष शोधत बसतो.

मंद्रषड्ज

सल्ला बरोबर आहे, पण आधी कारण बघू द्या, नाहीतर १०२४ वरही महिन्याभराने टक् येईल.

हिशोब असा. ४८,००० ला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे ५.३३ मिलिसेकंद. ५१२ म्हणजे १०.६७, १०२४ म्हणजे २१.३३. तेवढ्या वेळात कॉम्प्युटरने पुढचा घास उचललाच पाहिजे. दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर त्याहून जास्त वेळ अडवून धरला की घास हुकतो, आणि तीच टक्. प्रोसेसर ८ टक्के वापरात दिसत असतानाही हे होतं, म्हणून टास्क मॅनेजर बघून काही कळत नाही.

लेटन्सीमॉन हे फुकट मिळणारं साधन उतरवून घ्या. रीपर बंद ठेवा, चार्जर लावा, वायफाय नेहमीसारखं चालू राहू दे, आणि लेटन्सीमॉन १५ मिनिटं चालू ठेवा. मग ड्रायव्हर्सच्या पानावर जाऊन सर्वाधिक वेळाच्या क्रमाने यादी लावा. सगळ्यात वरच्या फाइलचं नाव आणि मायक्रोसेकंदांचा आकडा इथे द्या.

ओवीकट्टा

वर एनडिस डॉट सिस आहे. सर्वाधिक आकडा ७,८०० मायक्रोसेकंद.

मंद्रषड्ज

म्हणजे ७.८ मिलिसेकंद. तुमचा बफर ५.३३ चा. घास हुकणारच. ५१२ वर हुकणार नाही, म्हणून पांढरीचार यांचा सल्ला तुमच्या बाबतीत लागू पडला असता, पण जेमतेम.

एनडिस हा नेटवर्कचा थर आहे. बहुतेक वेळा मागे वायफायचा ड्रायव्हर असतो. या क्रमाने करा, आणि प्रत्येक पायरीनंतर पुन्हा १५ मिनिटं मोजा. सगळं एकदम बदललंत तर कशाने गुण आला ते कळणार नाही.

वायफाय आणि ब्लूटूथ बंद. नुसतं विमान मोड नको, डिव्हाइस मॅनेजरमधून वायफायचं कार्ड डिसेबल करा. आकडा एकदम खाली आला तर चोर सापडला. मग लॅपटॉप बनवणाऱ्याच्या साइटवरून त्या कार्डाचा ताजा ड्रायव्हर घाला; तोवर रेकॉर्डिंगच्या वेळी ते बंद ठेवा.

पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स. त्याच्या प्रगत सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, आणि प्रोसेसरची किमान अवस्था १०० टक्के. प्रोसेसर डुलकी घेऊन पुन्हा वेग पकडतो तेवढ्यातही सॅम्पल जातात.

इंटरफेस थेट लॅपटॉपच्या पोर्टमध्ये, हबमध्ये नाही. यूएसबी २ ची वाट ४८० मेगाबिटची आहे आणि २४ बिट, ४८,००० चे आठ चॅनेल मिळून फक्त ९.२ मेगाबिट होतात, त्यामुळे पोर्ट ‘हळू’ आहे ही शंका सोडा. हबचा त्रास वेगाचा नसतो. तिथे वीज कमी पडते, किंवा त्याच हबवरची हार्ड डिस्क मध्ये मध्ये अडवते.

प्रोजेक्टचं फोल्डर वनड्राइव्ह किंवा तसल्या आपोआप वर चढणाऱ्या जागेत नको, आणि अँटिव्हायरसच्या तपासणीतून ते वगळा. रेकॉर्ड होत असलेली फाइल दुसरं कोणी उघडून बघू लागलं की अडखळणं आलंच.

तांब्याचीतार

घूं आवाजाचं मी सांगतो, पण आधी एक खबरदारी. चार्जरच्या किंवा इंटरफेसच्या थ्री-पिन प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. ‘ती तोडली की आवाज जातो’ असं सांगणारे भेटतील. आवाज जाईलही, पण मग कुठे गळती झाली तर ती माइकच्या धातूच्या जाळीवर येते, आणि तोंड तिथून चार बोटांवर असतं.

आता तपास. लॅपटॉप बॅटरीवर चालवा, चार्जर भिंतीतून पूर्ण काढा. घूं गेली तर वाट चार्जरची आहे. पेटीचा माइक एक्सएलआर केबलने लागला असेल तर तो बॅलन्स्ड असतो, म्हणजे केबलमध्ये शिरलेला गोंगाट बराचसा खोडला जातो, मग आवाज येण्याचा दुसरा मार्ग शोधायचा: तुमचे स्पीकर वेगळ्या सॉकेटवर आहेत का? लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीवर असले की अर्थिंगचं वेटोळं तयार होतं. सगळं एकाच चांगल्या पट्टीवर आणा आणि स्पीकरच्या केबल साध्या टीएसऐवजी बॅलन्स्ड, म्हणजे टीआरएस घ्या.

पण तुमची घूं ट्रॅकवर उतरते आहे, नुसती स्पीकरमध्ये नाही. म्हणून हेही बघा: पेटीचा माइक तिथेच ठेवून त्याची केबल चार्जरच्या ठोकळ्यापासून आणि एक्स्टेन्शनच्या वायरीपासून अर्धा मीटर लांब न्या. वीज आणि माइकच्या केबल समांतर पळवू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

आवाजाचा सूर ओळखता आला तर काम सोपं होतं. आपली वीज ५० हर्ट्झची. रीपरमधल्या ईक्यूच्या (जाड-बारीक सूर कमीजास्त करणाऱ्या साधनाच्या) आलेखावर ५० ला एकच उंच काठी दिसली तर केबल किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर. ५०, १०० आणि पुढे १५०, २०० अशा काठ्यांची रांग असेल तर आवाज खरखरीत लागतो. त्यामागे पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, दिव्याचा डिमर, नाहीतर लोडशेडिंगमध्ये चालू झालेला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर. पंखा पूर्ण वेगावर किंवा पूर्ण बंद करून बघा, मधल्या वेगावरच रेग्युलेटर सर्वात जास्त करवादतो. इन्व्हर्टरवर असताना रेकॉर्डिंग करू नका, लॅपटॉपच्या बॅटरीवर करा. आणि घूं नसून बारीक शीळ असेल, १,००० किंवा ८,००० हर्ट्झवर, तर ती यूएसबीच्या दळणवळणाची शीळ आहे. ती यूएसबीवरच चालणाऱ्या इंटरफेसमध्ये ऐकू येते, आणि पोर्ट बदलून किंवा स्वतंत्र ॲडॅप्टर देऊन बऱ्याचदा जाते.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावत असाल तर त्याचा ॲडॅप्टरही एकदा काढून बघा.

समकाल

तिसऱ्या अडचणीवर. वेगळा यूएसबी माइक हीच त्याची गोम आहे. प्रत्येक यूएसबी माइकमध्ये स्वतःचं स्फटिकाचं घड्याळ असतं. दोघांवरही ४८,००० लिहिलेलं असलं तरी एकाचं ४८,००० आणि दुसऱ्याचं ४८,००१.८ असू शकतं. सेकंदाला पावणेदोन सॅम्पल म्हणजे काहीच नाही, पण १४ मिनिटांत ते साठतं.

मोजायची पद्धत: रेकॉर्डिंग सुरू होताच एक टाळी, आणि शेवटी दुसरी. दोन्ही टाळ्या त्याच जागी बसून, त्याच हातांनी. जागा हलली तर आकडा चुकतो, कारण आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण १ मिलिसेकंद लागतो. मग गाण्याच्या ट्रॅकवर दोन टाळ्यांमधलं अंतर मोजा, तबल्याच्या ट्रॅकवरही मोजा, आणि दोन्ही आकडे द्या. सुरुवातीचा फरक किती हे महत्त्वाचं नाही, ट्रॅक सरकवून तो जातो. दोन अंतरांमधला फरक महत्त्वाचा.

एएसआयओ४ऑलमध्ये दोन्ही एकत्र घेतल्यावर टकटक वाढली तीही याचमुळे. दोन घड्याळांचं पाणी एकाच हौदात सोडल्यावर एक नळ जास्त सोडतो. हौद कधीतरी भरून वाहतो किंवा कोरडा पडतो, त्या क्षणी टक्. म्हणून टक् ठरावीक अंतराने येत असेल तर घड्याळावर संशय घ्या, कशीही कुठेही येत असेल तर कॉम्प्युटरवर.

ओवीकट्टा

दोन टाळ्यांमधलं अंतर: गाण्याच्या ट्रॅकवर ८३८.४१२ सेकंद, तबल्याच्या ट्रॅकवर ८३८.४४३ सेकंद.

वायफायचं कार्ड डिसेबल केल्यावर लेटन्सीमॉनचा आकडा ७,८०० वरून ४१० वर आला. बफर २५६ वरच ठेवून २० मिनिटं रेकॉर्ड केलं, एकही टक् नाही. घूं मात्र केबल लांब नेल्यावर निम्मीच कमी झाली. चार्जर काढला की पूर्ण जाते.

समकाल

३१ मिलिसेकंदांचा फरक. दहा लाखात ३७ भाग. दोन स्वस्त स्फटिकांमध्ये एवढा फरक अगदी नेहमीचा आहे, माइक बिघडलेला नाही. दुगुनीत ३१ मिलिसेकंद कोणाच्याही कानाला खटकेल.

झालेलं रेकॉर्डिंग असं वाचवा. रीपरमध्ये तबल्याची फाइल सरकवून पहिली टाळी गाण्याच्या पहिल्या टाळीवर बसवा. स्नॅप बंद करा. फाइलवर एफ२ दाबून गुणधर्म उघडा आणि ‘वेग बदलताना पट्टी कायम ठेवा’ या अर्थाची जी खूण आहे ती काढून टाका. हे विसरू नका. मग आल्ट दाबून फाइलचा उजवा काठ आत ओढा, दुसरी टाळी दुसऱ्या टाळीवर येईपर्यंत. वेगाच्या रकान्यात १.००००३७ च्या आसपास आकडा दिसायला हवा. ०.९९९ काहीतरी दिसला तर उलट्या दिशेने ओढलंत.

ती खूण काढायची कारण ती ठेवली तर सॉफ्टवेअर आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतं, आणि त्यात ‘ना’ आणि ‘तिं’ यांची धार जाते. खूण काढल्यावर पट्टी बदलते हे खरं, पण १.००००३७ ने होणारा बदल अर्ध्या स्वराच्या हजाराव्या भागाहूनही कमी आहे. तबला उतरल्याचं वाजवणाऱ्यालाही कळणार नाही.

पुढच्या वेळी मात्र यूएसबी माइक नको. तुमच्या इंटरफेसची ३ आणि ४ रिकामी आहेत, ती वापरा. लाइन इनपुटला माइक थेट लावला तर आवाज मुंगीएवढा येतो, त्याला आधी ४० ते ६० डेसिबल वाढवावं लागतं. म्हणून दोन माइक इनपुटचा छोटा मिक्सर मध्ये घ्या. तबल्याचा माइक मिक्सरच्या पहिल्या चॅनेलवर, पॅन (आवाज डाव्या-उजव्या बाजूला नेणारं बटण) पूर्ण डावीकडे. डग्ग्याचा दुसऱ्यावर, पॅन पूर्ण उजवीकडे. मिक्सरचं डावं आउटपुट इंटरफेसच्या ३ ला, उजवं ४ ला. ईक्यू सपाट, मिक्सरमधला इफेक्ट बंद. आता चारही ट्रॅक एकाच घड्याळावर चालतील, शिवाय तबला आणि डग्गा वेगवेगळे मिळतील.

निळीकेबल

मॅकवाल्यांसाठी एक भर. तिथे ऑडिओ मिडी सेटअपमध्ये ॲग्रिगेट डिव्हाइस बनवता येतं. घड्याळाचा स्रोत म्हणून इंटरफेस निवडायचा, आणि ड्रिफ्ट करेक्शनची खूण यूएसबी माइकसमोर करायची, इंटरफेससमोर नाही. घसरण थांबते. तरी दोघांमधला सुरुवातीचा ठरलेला फरक उरतो, म्हणून टाळी तिथेही वाजवाच.

मंद्रषड्ज

आता दुसरी अडचण, टाळ मागे पडण्याची. ही मोजल्याशिवाय सुटत नाही, पण मोजायला दहा मिनिटं पुरतात.

एक टीआरएस केबल घ्या. इंटरफेसच्या आउटपुट १ मधली स्पीकरची केबल काढा आणि या केबलने ते आउटपुट लाइन इनपुट ३ ला जोडा. माइक इनपुटमध्ये नको, आणि ४८ व्होल्टची फँटम पॉवर (माइकला केबलमधून मिळणारी वीज) बंद. डायरेक्ट मॉनिटर बंद. ज्या ट्रॅकवर रेकॉर्ड करणार त्याचं मॉनिटरिंगही बंद, नाहीतर आवाज गोल फिरून किंचाळेल. हेडफोन कानातून काढून ठेवा.

एका ट्रॅकवर ठसठशीत टिक् असलेली फाइल ठेवा. तो वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर इनपुट ३ रेकॉर्ड करा. दोन्ही लाटा मोठ्या करून मूळ टिक् आणि परत आलेली टिक् यांच्यातलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. वरची वेळपट्टी सॅम्पलवर बदलता येते. चारपाच टिका मोजा. सगळीकडे तोच आकडा यायला हवा.

मग ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, रेकॉर्डिंग. ‘ड्रायव्हरने सांगितलेला उशीर वापरा’ ही खूण चालू असू द्या आणि तुमचा आकडा मॅन्युअल ऑफसेटच्या सॅम्पलच्या रकान्यात घाला. चाचणी पुन्हा करा. अंतर शून्य आलं तर झालं. दुप्पट आलं तर चिन्ह उलट करा.

ड्रायव्हर स्वतःचा बफर मोजून सांगतो, पण आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या चिप्सचा, शिवाय यूएसबीच्या राखीव साठ्याचा वेळ तो नेहमी धरत नाही. तुम्हाला उशीर दरवेळी सारखाच आहे, याचं कारण तेच.

ऑडॅसिटीत हीच चाचणी करायची, पण रकाना लेटन्सी कॉम्पेन्सेशनचा आहे आणि मिलिसेकंदांत. तिथे मुळातच उणे १३० घातलेलं असतं. तो आकडा तुमच्या मशिनचा नाही.

ओवीकट्टा

मोजलं. पाचही टिकांना ४२७ सॅम्पल. ऑफसेट घातल्यावर पहिल्यांदा ८५४ आलं, चिन्ह बदलल्यावर शून्य. बफर ५१२ केला तरी शून्यच राहतं.

मंद्रषड्ज

४२७ म्हणजे ८.९ मिलिसेकंद. गाण्यात खपलं असतं, टाळेत नाही. आधी भरलेले टाळ-कोरसचे ट्रॅक सगळे ४२७ सॅम्पलने डावीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, ओढा, पुन्हा वाजवायची गरज नाही. सॅम्पल रेट किंवा ड्रायव्हर बदललात की चाचणी पुन्हा करा.

आणि रेकॉर्ड करताना मास्टरवर लिनिअर फेज ईक्यू किंवा पुढचं बघून दाबणारा लिमिटर ठेवू नका. ते वेळ खातात. रीपर त्याची भरपाई करतो, पण गाताना ऐकू येणाऱ्या प्लगइनमधल्या आवाजाला तो उशीर लागतोच.

शेवंतीची_वेणी

याच विषयातला प्रश्न आहे म्हणून इथेच विचारते. गायिका परदेशातून गाण्याची फाइल पाठवतात. रीपरमध्ये आणली की पट्टी चढलेली आणि लय वाढलेली. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मध्ये कुठेतरी लागतं. दुसऱ्या एका फाइलची पट्टी बरोबर आहे, पण ती सबंध मागे आहे.

समकाल

पहिली फाइल ४४,१०० ची आहे आणि कुठेतरी तिच्यावर ४८,००० चं लेबल लागलं आहे. ४८,००० भागिले ४४,१०० म्हणजे १.०८८, अर्ध्या स्वराच्या दीडपटीला थोडं कमी. काळी एक चढून बरोब्बर तुम्ही सांगता तिथेच लागणार. रीपर स्वतःहून असं करत नाही, फाइलचा रेट वाचून तो बदलून घेतो. त्यामुळे लेबल तिकडेच चुकलेलं असणार. मूळ फाइल पुन्हा मागवा. अगदीच मिळत नसेल तर फाइलचा वेग ०.९१८७५ करा, पट्टी कायम ठेवायची खूण काढून. पट्टी आणि लय दोन्ही एकदम जागेवर येतील.

दुसरीची कारणं दोन. एमपी३ किंवा एएसी फाइलच्या सुरुवातीला एन्कोडर थोडी रिकामी जागा घालतो, एएसीत ती बहुधा २,११२ सॅम्पलची असते, म्हणजे ४४,१०० ला ४८ मिलिसेकंद. वाजवणारं सॉफ्टवेअर ती कापतंच असं नाही. म्हणून वेव्ह किंवा फ्लॅकच मागवा. दुसरं, त्या ब्लूटूथ हेडफोनवर ठेका ऐकून गात असतील तर ठेकाच त्यांना शेदोनशे मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्या त्याच्याबरोबर चोख गात असतात. वायरचे हेडफोन वापरायला सांगा. ठेक्याच्या फाइलच्या आधी चार टिका घालून पाठवा आणि त्या टिकांवर टाळी द्यायला सांगा, म्हणजे जुळवणं सोपं जाईल.

पांढरीचार

जागेचं कोणी विचारण्याआधी: ४८,००० आणि २४ बिटला एक मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी. चार ट्रॅक तासाला साधारण २ जीबी. ९६,००० वर नेऊन अभंगाला काही मिळत नाही, जागा आणि प्रोसेसरचा भार दुप्पट होतो. रात्रभराचं भजन सलग घेणार असाल तर आठ चॅनेलची एकच वेव्ह फाइल करू नका. ४ जीबीला तिची मर्यादा येते आणि ती तासाभरातच भरते. ट्रॅकगणिक वेगळ्या मोनो फाइल ठेवा.

गेनबद्दलही. २४ बिटमध्ये लाल रेघेपर्यंत भरायची गरज नाही. गाण्याची सर्वात उंच तान मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास, टाळ उणे १५ च्या वर नको. मीटर दाखवतो त्याहून टाळेचा घाव वर जातो असं धरून चाला.

ओवीकट्टा

छोटा मिक्सर मिळाला. समकाल यांनी सांगितलं तसं जोडलं. तबला ३ वर, डग्गा ४ वर. १४ मिनिटांच्या दोन्ही टाळ्या चारही ट्रॅकवर जागच्या जागी आहेत.

चार्जरची घूं: लॅपटॉप, इंटरफेस, मिक्सर आणि स्पीकर एकाच पट्टीवर आणले आणि स्पीकरला टीआरएस केबल लावल्या. पेटीच्या ट्रॅकवर आता ऐकू येत नाही.

नवी शंका. डग्गा एकटा ऐकला तर घुमारा छान आहे. तबल्याचा ट्रॅक चालू केला की घुमारा पातळ होतो.

तांब्याचीतार

दोन्ही माइकमध्ये डग्गा उतरतो आहे आणि तो एकमेकांच्या उलट उतरतो आहे. तबल्याच्या ट्रॅकवर फेज उलटा करायचं (लाटेचं वरचं खाली, खालचं वर करणारं) बटण आहे, शून्यावर तिरकी रेघ असलेलं. ते दाबा आणि दोन्ही ट्रॅक एकत्र ऐका. ‘घे’ची मींड ऐकून ठरवा, ‘ना’ ऐकून कळणार नाही.

माइकची जागाही बघा. तबल्याचा माइक पुडीपासून १५ सेंटिमीटरवर असेल तर डग्ग्याचा माइक त्यापासून निदान ४५ सेंटिमीटर लांब हवा. तीनास एक. जागा कमी पडत असेल तर दोन्ही माइकची तोंडं एकमेकांपासून बाहेरच्या बाजूला वळवा. दोन्हींच्या पाठी एकमेकींकडे आल्या की कार्डिऑइड माइक (समोरचं जास्त, मागचं कमी ऐकणारा) बराचसा शेजारचा आवाज सोडून देतो.

ओवीकट्टा

बटण दाबल्यावर घुमारा परत आला. तोंडं बाहेर वळवल्यावर आणखी भरला. आता तबल्याची शाई मात्र पेटीच्या माइकमध्येही ठळक ऐकू येते. तिथेही फेज उलटा करू का?

तांब्याचीतार

आधी पेटीचा माइक एकटा ऐका, मग तबल्याबरोबर, मग बटण दाबून. फरक जाणवला नाही तर हात लावू नका. पेटीचा माइक तबल्यापासून मीटरभर लांब असेल तर तिथे आवाज ३ मिलिसेकंद उशिरा पोचतो. तो नुसत्या बटणाने भरून निघत नाही. पेटीवाल्यांना थोडं वळवून बसवा, म्हणजे माइकची पाठ तबल्याकडे येईल, आणि मध्ये सतरंजीची जाड घडी उभी करा. पेटीच्या माइकवर १०० हर्ट्झखालचं कापून टाका. पेटी खर्जात तिथवर क्वचितच उतरते, आणि डग्ग्याचा बराच गलबला तिथेच असतो.